अक्षरं गेली, आकडे राहिले

१

शुक्रवारी दुपारी बहारीनच्या अदलिया भागातल्या एका बसक्या व्हिलाच्या मागच्या खोलीत मसूदा परकारनं कपाट उघडलं, सागवानी डबा बाहेर काढला, झाकण उचललं आणि ती बघतच राहिली. डब्याला दोन कप्पे. उजव्या कप्प्यात आकड्यांचे लाकडी ठोकळे जिथल्या तिथे होते, वरच्या निळ्या फडक्यासकट. डाव्या कप्प्यात इंग्रजी अक्षरांचे ठोकळे असायचे, स्वर एकीकडे, व्यंजनं दुसरीकडे. तिथे डब्याचा तळ दिसत होता. एकही अक्षर शिल्लक नव्हतं.

कपाटाचं कुलूप फोडलेलं नव्हतं. किल्ली दाराच्या चौकटीवर ठेवायची पद्धत होती आणि ती जागा फक्त पाच जणांना ठाऊक होती. म्हणजे चोर घरचाच.

ब्रिटिश टीव्हीवर चाळीस वर्षांहून जास्त काळ चालत आलेला एक खेळ आहे. टेबलामागे एक गोडबोल्या निवेदक, फळ्याशी हिशोबात पक्की अशी एक बाई, कोपऱ्यात शब्दकोश घेऊन बसलेलं कोणीतरी आणि मधोमध तीस सेकंदांचं घड्याळ. फळ्याशी उभी बाई दर अक्षराला विचारते, स्वर की व्यंजन; मिळालेल्या अक्षरांतून मोठ्यात मोठा शब्द करायचा, मिळालेल्या आकड्यांतून सांगितलेली संख्या जुळवायची. हिलरी तुस्कानो हा मूळचा वसईचा, इथे एका हॉटेलात रिसेप्शनवर होता. तिथल्या कुणा इंग्रज मॅनेजरनं त्याला ह्या खेळाचं वेड लावलं आणि त्यानं आणखी चौघांना वेडं केलं. बहारीनमधल्या मराठी माणसांसाठी ह्यांचा खेळ दर गुरुवारी संध्याकाळी यूट्यूबवर यायचा. निवेदक हिलरी, फळ्याशी मसूदा. शब्दकोशाच्या कोपऱ्यात ग्लेनिस, कॅमेऱ्यामागे ड्वेन. खोली आणि ठोकळे अलीमियाँचे.

मसूदा शाळेत गणित शिकवायची. नवरा गेल्यापासून जिदहफ्समधल्या फ्लॅटमध्ये एकटीच राहायची. शाळेत ती टीचर, खेळात टीचर, शेजारीपाजारीही टीचर. भाची सुहा तिला खाला म्हणायची, तीही मार्चमध्ये लग्न होऊन मस्कतला गेली. मसूदा अशी हाक मारणारं बहारीनमध्ये आता कुणीच नव्हतं. शुक्रवारची ही खोली सोडली तर आठवडाभर तिच्याशी कामाखेरीज कोणी बोलत नसे. कामवाली बाईसुद्धा मल्याळीत आपल्याच फोनशी बोले.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मसूदा श्रीवर्धनला गेली होती. तेवढ्या काळात आधी केलेलं रेकॉर्डिंग दर गुरुवारी चालू होतं. आज सुट्टीनंतरचं पहिलं रेकॉर्डिंग होतं. ग्लेनिस ड्यूटीवर होती, म्हणून येणार नव्हती. अलीमियाँ आले, ड्वेन आला, खेळणारे दोघे आले. हिलरी मात्र आला नाही.

"काल तर दिसले हिलरी अंकल," ड्वेन म्हणाला. "एकदम फिट."

"मीपण बघितला," अलीमियाँ म्हणाले. "पण तो वसईस जायचा होता ना?"

मसूदानं फोन लावला. तो बंद होता.

२

"कोणाला बोलायचं नाय," अलीमियाँनी तिथल्या तिथे बजावलं होतं. "आपल्या आपल्यात चोरी झाली म्हणजे लोक तोंडात शेण घालतील."

खेळणाऱ्या दोघांना काहीतरी सांगून घरी पाठवलं. मसूदाला मात्र चैन पडेना. ठोकळे पुन्हा करता आले असते. हिलरी पुन्हा कुठून करणार? आणि गुरुवारी दाखवलेला भाग साठ्यातला शेवटचा होता. पुढच्या गुरुवारी पडदा काळाच राहणार होता.

शनिवारी सकाळी टॅक्सी करून ती मीना सलमानला अलीमियाँच्या प्लायवूडच्या गोदामात गेली. अलीमियाँ रत्नागिरीकडचे, बोलायला फटकळ, मनानं लोण्यासारखे. पण ती खोली त्यांना गोदामासाठी हवी होती हे सगळ्यांना माहीत होतं. खेळ बंद पडला तर रडणाऱ्यांत ते पहिले नसते.

"मना हवी होती खोली, खोटा कशाला बोलू," ते चहा पुढे सारत म्हणाले. "पण त्यासाठी मी आपलीच अक्षरं चोरीन? ह्याच गोदामात कापून घेतलेत ते ठोकळे. स्वतःच्या हातानं पॉलिश मारलाय."

"हिलरी वसईला जाणार हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"त्यानंच. मेसेज केलान. घराचा छप्पर गळतंय म्हणून."

"फोनवर बोलला?"

अलीमियाँ हसले. "तीच तर गंमत. तुला ठाऊक आहे ना त्याचा व्हॉइस मेसेज? मी दुकान उघडून बंद करेपर्यंत संपत नाय. ह्या वेळी मफी, काय नाय! नुसता टाईप. मी म्हटला, बाबा फोन कर. तर म्हणतो, लाइन खराब आहे."

"आणि तुम्ही त्याला शेवटचं पाहिलंत कधी?"

"गुरुवारीच की. सांगितला ना."

"कुठे?"

"आता कुठे म्हणजे?" अलीमियाँ थबकले. त्यांनी कप खाली ठेवला. "टीव्हीवर, बाय. टीव्हीवरच बघितला. मग तो हाय कुठे?"

मसूदा चहा तसाच ठेवून उठली.

३

ड्वेन हिलरीच्याच हॉटेलात साउंड-लाइटचं काम करायचा. तिशीचा पोरगा, हुशार, पण घाईचा. अदलियातल्या एका कॅफेत तो तिला भेटला. लाकडी ठोकळे फेकून सगळं स्क्रीनवर करू या, अशी भुणभुण त्यानंच लावली होती. शिवाय निवेदकाच्या खुर्चीवरही त्याचा डोळा होता, ते लपवण्याइतका तो धूर्त नव्हता.

"मला चेअर हवी होती, ओके. पण असं नाही, टीचर. चोरी करून काय मिळणार?"

"हॉटेलात हिलरी दिसला?"

"ते लाँग लीव्हवर आहेत. एचआर काही सांगत नाही. कुठे आहेत ते, टीचर? मी पण टेन्शन घेतलं नाही, कारण दर गुरुवारी त्यांचा फेस एडिट करून मीच अपलोड करतोय ना. वाटतंच नाही की भेटलो नाही."

हे मात्र त्यानं खरं सांगितलं. तिचंही तेच झालं होतं. श्रीवर्धनच्या ओट्यावर फोन उभा करून ती दर गुरुवारी हिलरीला बघायची. नवा शर्ट, तेच हसू. ह्या लोकांची एक पद्धत होती. एका शुक्रवारी चार भाग उरकायचे आणि दर भागाआधी आत जाऊन कपडे बदलायचे, म्हणजे बघणाऱ्याला वेगळा आठवडा वाटावा. बघणारे फसत होतेच, आता करणारेही फसले होते.

"रेकॉर्ड केलं त्याच क्रमानं भाग दाखवलेस का?"

"नो. अंकलनी सांगितलं तसे. हा आधी, तो नंतर, हा पुढच्या महिन्यात. मला वाटलं चांगले खेळाडू स्प्रेड करतायत."

"मूळ क्रम सापडेल?"

"कुठून? कॅमेऱ्याची डेट कधी सेटच केली नव्हती. आणि ओरिजिनल्स डिलीट केले, डिस्क फुल झाली." ड्वेन जरा वरमला. "शर्टांवरून पण कळणार नाही, टीचर. त्यांच्याकडे सहा शर्ट. आलटून पालटून तेच."

म्हणजे हिलरीनं पत्ते पिसले होते, आणि ते मुद्दाम. ज्या माणसाला कपाटातल्या ठोकळ्यांचा एक कोन वाकडा चालत नाही, तो काही उगाच पिसणार नाही.

४

राहता राहिली ग्लेनिस. ती एका मोठ्या हॉस्पिटलात वॉर्डच्या रिसेप्शनवर होती. खेळात तिचं एक वाक्य सगळ्यांना पाठ होतं. कुणी 'दुबई' म्हणून शब्द लावला, कुणी बायकोचं नाव लावलं, की कोपऱ्यातून आवाज यायचा, "विशेषनाम चालत नाही." एकदा खुद्द अलीमियाँनी 'रत्नागिरी'साठी तिच्याशी भांडण काढलं होतं. ग्लेनिस बधली नव्हती.

दुपारी हॉस्पिटलच्या खालच्या कॅन्टीनमध्ये ती धावतपळत आली. डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"डबल ड्यूटी चाललीय, टीचर. पटकन बोला."

"ग्लेनिस, आपल्या कपाटात चोरी झाली. काल डबा उघडला तर..."

"अरेरे! काय सांगता?" ग्लेनिसनं छातीवर हात ठेवला. "चला, आकडे राहिले ना, तेवढं तरी बरं. अर्धा खेळ तरी होईल."

ग्लेनिस भराभर सँडविच खाऊ लागली.

"हिलरीचा पत्ता नाही."

"येईल हो. जाणार कुठे?"

"तुला काळजी नाही वाटत?"

"मी रोज त्याच्यासाठी प्रेअर करते," ग्लेनिस बोलून गेली. मग घड्याळ बघून म्हणाली, "खलास, ब्रेक संपला." सँडविच अर्धंच टाकून ती लिफ्टकडे गेली.

ते अर्धं सँडविच मसूदा बराच वेळ बघत बसली. तीन माणसांशी ती बोलली होती. त्यातल्या दोघांनी हिलरी कुठे असेल, असं तिला उलट विचारलं होतं. तिसरीनं विचारलं नव्हतं.

५

घरी येऊन तिनं एसी लावला, पडदे ओढले आणि टीव्हीवर उन्हाळ्यातले सगळे भाग एकामागून एक लावले. भर दुपारचं ऊन बाहेर राहिलं. खोलीत हिलरी आला.

"आलात? बसा. तीस सेकंद माझे, बाकीचा वेळ तुमचा!"

हे त्याचं सुरुवातीचं वाक्य. तिला एकदम भरून आलं. मग तिनं डोळे पुसले आणि गणिताच्या बाईसारखी बसली.

आवाज कधी खणखणीत, कधी बसलेला. एका गुरुवारी घोगरा, पुढच्या गुरुवारी मोकळा. एसीचा त्रास, सर्दी, हिलरीच तसं म्हणायचा आणि गरम पाण्याचा घोट घ्यायचा. तिलाही तसंच आठवत होतं, येणारी-जाणारी सर्दी. पण तिची आठवण तरी कुठली होती? रेकॉर्डिंगच्या वेळी तिचं तोंड फळ्याकडे आणि हिलरीकडे पाठ. तिनं त्याला पाहिलं होतं ते गुरुवारीच, पडद्यावर, त्यानं पिसून दिलेल्या क्रमानं.

खरा क्रम हवा होता. शर्ट उपयोगाचे नव्हते, चेहरा उपयोगाचा नव्हता. पडद्यावर तिचा स्वतःचा हात आला, फळ्यावर 'टी' लावणारा. ड्वेनला अशा क्लोज-अपची भारी हौस. हात गेला. मसूदानं चित्र मागे नेलं आणि थांबवलं.

नख लाल होतं. सुहाच्या लग्नात बायकांनी हट्टानं तिच्या बोटांची टोकं मेंदीत बुडवली होती. विधवा असलीस म्हणून काय झालं, भाचीचं लग्न आहे, म्हणून. हातावरची मेंदी महिन्याच्या आत उडून जाते. नखांवरची उडत नाही, नखाबरोबर वाढते. मुळाशी नवं कोरं नख येतं आणि लाल भाग हळूहळू पुढे सरकत शेवटी कापला जातो. पुन्हा लावलेली नव्हती. पुन्हा लावण्यासारखं काही घडलंच नव्हतं.

तिनं दुसरा भाग लावला. तिथे नख मुळापासून अर्धं कोरं होतं. तिसऱ्यात लाल रंग पुरता नखभर. चौथ्यात फक्त टोकाशी एक रेघ. तिनं प्रत्येक भागातलं नख पाहिलं. मग सगळे भाग नखांच्या क्रमानं लावले, लाल नखांपासून कोऱ्या नखांपर्यंत, आणि डोळे मिटून नुसती ऐकत बसली.

आता सर्दी येत-जात नव्हती. आवाज पायरी पायरीनं खाली उतरत होता. आधी खणखणीत. मग जरा जड. मग वाक्याच्या शेवटी तुटणारा. मग अक्षरं मोठ्यानं वाचायचं काम त्यानं तिच्याकडे दिलेलं. सगळ्यांत कोऱ्या नखांच्या भागात तर "आलात? बसा" हे त्यानं म्हटलंच नव्हतं. खोलीत बसलेल्या लोकांकडे हात केला होता आणि ते त्यांनीच कोरसमध्ये म्हटलं होतं. बघणाऱ्यांनी त्या भागाखाली किती लाल बदाम टाकले होते! तिनंही टाकला होता.

टाईप केलेले मेसेज. बंद फोन. पुरवून पुरवून वापरलेला आवाज. आता डब्याचं कोडंही तिच्यासमोर सुटून पडलं. चोराला लाकूड हवं असतं तर त्यानं डबा नेला असता. खेळ मोडायचा असता तर आकडेही नेले असते. नुसती अक्षरं कुणाला लागतात? ज्याला काही बोलायचं आहे आणि बोलता येत नाही, त्याला.

तिनं टीव्ही बंद केला. तिनं पर्स उचलली, आधी अलीमियाँना आणि ड्वेनला एकेक फोन केला, मग टॅक्सीला.

६

ग्लेनिस वॉर्डच्या काउंटरवर होती. मसूदाला बघून तिनं हातातला पेन खाली ठेवला.

"कुठल्या खोलीत आहे तो?"

"कोण, टीचर?"

"ग्लेनिस, मी तुला डबा उघडला एवढंच सांगितलं होतं. आकडे राहिले हे तू मला सांगितलंस. मी अलीमियाँ आणि ड्वेन दोघांनाही विचारलं, त्यांनी तुला काही कळवलेलं नाही. डबा तूच उघडलास. आणि ठोकळे तुला नकोत, त्याला हवेत. त्याचा घसा गेला ना?"

ग्लेनिसचे डोळे भरले. तिनं आजूबाजूला पाहिलं.

"मी सांगू शकत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. जॉबचा प्रश्न आहे. आणि प्रॉमिस केलंय. एप्रिलमध्ये कळलं त्याला. मी म्हटलं, टीचरना सांगू या. तर म्हणाला, बहारीनमध्ये एक तरी माणूस असं असू दे, ज्याला माझा आवाजच आठवेल."

"ऑपरेशन?"

"सोमवारी झालं. आवाजाची पेटीच काढली. पाटी-पेन दिलं तर फेकून दिलं, फोनवर टाईप करायला दिलं तर तोंड फिरवलं. मग खुणा करून करून ठोकळे मागितले. शेवटी गुरुवारी मीच जाऊन आणले." तिनं नाक पुसलं. "जवळचं कोणी भेटायला आलेलं नाही, टीचर. एकपण माणूस नाही. लोकांना वाटतं तो मजेत आहे, टीव्हीवर दिसतो ना!"

"मग तू आत जाऊन त्यालाच विचार, मी आलेली चालते का."

ग्लेनिस आत गेली. काउंटरसमोर उभी राहून मसूदा वाट बघत राहिली. तो नाही म्हणाला तर काय करायचं, ह्याचा तिनं विचार केला नव्हता. घरी जाऊन पुन्हा टीव्ही लावायचा, दुसरं काय!

ग्लेनिस दारातून म्हणाली, "या."

खिडकीशी पलंग होता. हिलरी उशांना टेकून बसला होता. गळ्याला पट्टी, नळी, आणि अंगात त्या सहा शर्टांपैकी एकही नाही. तो खूप लहान दिसत होता. समोरच्या जेवणाच्या टेबलावर सगळी अक्षरं मांडलेली, स्वर एकीकडे, व्यंजनं दुसरीकडे, कोन न कोन सरळ. मसूदाला बघून त्यानं तोंड उघडलं, सवयीनं. काहीच आलं नाही. त्यानं ते मिटलं.

येताना टॅक्सीत तिनं खूप काही जुळवून ठेवलं होतं. त्यातलं एकही वाक्य आठवेना. तिला राग मात्र आला.

"पिसून दिलेत ना भाग? आम्हाला फसवलंत? मी तिकडे ओट्यावर बसून दर गुरुवारी तुम्हाला बदाम पाठवतेय, आणि तुम्ही इथे एकटे..."

हिलरीनं मान खाली घातली. मग हळूहळू ठोकळे ओढले. एस, ओ, आर, आर, वाय.

"पाच," मसूदा म्हणाली. फळ्याशी उभी असल्यासारखी. "एवढी अक्षरं समोर आहेत आणि फक्त पाच? याहून मोठा शब्द नाही मिळाला?"

त्याच्या खांद्यांत हसू हललं. त्यानं ती अक्षरं मोडली आणि नवी लावायला घेतली. टी, ई, ए, सी, एच, ई, आर.

"सात," ती म्हणाली. "हे चांगलं आहे."

हिलरी त्या शब्दाकडे बघत राहिला. मग त्यानं मान हलवली. सगळे ठोकळे परत जागेवर नेऊन ठेवले आणि पुन्हा एकेक ओढू लागला. अंगात अजून जोर नव्हता, म्हणून वेळ लागला. घड्याळ असतं तर तीस सेकंद कधीच संपले असते. एम. ए. एस. यू. डी. शेवटी अजून एक ए.

मसूदानं ते वाचलं. मग बोटानं अक्षरं मोजली.

"सात सोडून सहा कोणी घेतं का?" ती म्हणाली. "आणि विशेषनाम चालत नाही, हिलरी. इतकी वर्षं खेळताय."

हिलरीनं बोट वर केलं आणि दाराकडे दाखवलं. शब्दाचा निकाल मसूदा देत नसे, तो कोपऱ्यातून यायचा. दारात ग्लेनिस उभी होती.

"चालेल," ग्लेनिस म्हणाली. "आज चालेल."

मसूदानं कोपऱ्यातली खुर्ची ओढून आणली. इतकी वर्षं ती त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली होती. आता ती त्याच्यासमोर बसली, टेबल स्वतःकडे थोडं ओढलं आणि नेहमीचा प्रश्न विचारला.

"स्वर की व्यंजन?"